शाळेची पोरं साइटवर : दप्तरमुक्त दिवसांतून एक छोटा सेवा व्यवसाय



या आठवड्याच्या व्हिडिओत बांधकाम क्षेत्रातल्या सेवा व्यवसायांची यादी सांगताना एक कल्पना मी दोन मिनिटांत उरकली. शाळेतल्या मुलांना बांधकामाची कामं प्रत्यक्ष हाताने करायला लावणारी साइट भेट आयोजित करणं, ही ती कल्पना. ऐकायला सोपी वाटते. पण हिशेबही नीट करावा लागतो आणि जबाबदारी त्याहून मोठी असते, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. साइट सुपरवायझर, सिव्हिल डिप्लोमा झालेली मुलं-मुली, छोटे ठेकेदार, हार्डवेअरच्या दुकानवाल्यांची पुढची पिढी, यांच्यासाठी हा लेख जास्त उपयोगी आहे. बाकीच्यांनी निदान हिशेबाचा भाग वाचा, तो कुठल्याही अनुभव देणाऱ्या व्यवसायाला लागू पडतो.

आधी मागणी कुठून येते ते बघू

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्पष्ट म्हटलंय की सहावी ते आठवीच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याला दहा दिवस दप्तराशिवाय मिळावेत आणि त्या दिवसांत त्याने सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम शिकावं. या दहा दिवसांत काय करायचं याची मार्गदर्शक पुस्तिका एनसीईआरटीच्या भोपाळ इथल्या व्यावसायिक शिक्षण संस्थेने तयार केली आणि ती जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे शाळांकडे कागद आलेला आहे. मुख्याध्यापकांसमोरचा प्रश्न वेगळाच आहे. दहा दिवस भरायचे कशाने? बँक झाली, पोस्ट झालं, रोपवाटिका झाली, मग पुढे काय?

ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमची मांडणी केली, तिचा गाभाच हाताच्या कामातून शिक्षण हा होता. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातून एक दिवस वर्कशॉप, शेती, वीज, घर-आरोग्य अशी कामं खरोखर करतात. नुसती बघत नाहीत, करतात. तुम्ही या धंद्यात उतरणार असाल तर एकदा पाबळला जाऊन या. एसटीच्या तिकिटात एवढं शिक्षण दुसरीकडे मिळणार नाही.

सहल आणि अनुभव यातला फरक

बऱ्याच ठिकाणी साइट भेट म्हणजे काय होतं? मुलं रांगेत उभी, इंजिनिअर साहेब माईकवर कॉलम-बीम सांगतायत, मागची मुलं एकमेकांना टपल्या मारतायत, शेवटी ग्रुप फोटो आणि समोसा. याचे पैसे कोणी दुसऱ्यांदा देणार नाही.

तुमचं उत्पादन काय आहे ते एका वाक्यात लिहून ठेवा: मूल घरी जाईल तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने केलेली आणि स्वतः तपासलेली किमान एक गोष्ट सांगता आली पाहिजे. 'तपासलेली' हा शब्द सोडू नका. भिंत कोणीही रचेल. ती सरळ आहे का हे ओळंबा सांगतो, आणि ओळंबा बाईंचं किंवा सरांचं ऐकत नाही. चुकलं तर लगेच दिसतं, मार्क कापले जात नाहीत, वीट काढून परत लावायची. वर्गात न बोलणारं पोरगं इथे अचानक बोलायला लागतं, त्याचं कारण हेच असतं.

मी चार थांबे सुचवतो. गवंडी, सुतार, प्लंबर आणि वायरमन. जास्त करू नका.

गवंडी थांब्यावर सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात जास्त मजा असते, म्हणून त्यावर थोडं जास्त बोलतो. एका गटाला नऊ इंची विटांची तीन फूट लांब आणि पाच थरांची भिंत रचायला द्या. साधारण वीस विटा लागतात. दोरी बांधायची, पहिला थर दोरीला धरून लावायचा, दुसऱ्या थराची सुरुवात अर्ध्या विटेने करायची, म्हणजे उभे सांधे एकावर एक येत नाहीत. हे का करायचं, ते आधी सांगू नका. एका गटाला मुद्दाम सांध्यावर सांधा येऊ द्या आणि मग दोन्ही भिंती हाताने हलवून बघायला सांगा. उत्तर त्यांच्या तोंडून येतं. विटा आधी पाण्यात का भिजवतात? एक कोरडी वीट आणि एक भिजवलेली वीट हातात द्या, दोन्हींवर चमचाभर पाणी टाका. कोरडी वीट पाणी पिऊन टाकते. मग ती मसाल्यातलं पाणीही पिणार, हे सहावीच्या मुलाला कळतं.

आणि इथे एक नियम, जो मोडायचा नाही. मुलांच्या हातात सिमेंट द्यायचं नाही. ओलं सिमेंट त्वचा भाजतं, डोळ्यात गेलं तर फार वाईट. चुनाही नको. चाळलेली माती आणि वाळू यांचा चिखल करा. मुलांना रचण्याचं कसब शिकायचंय, त्याला चिखल पुरतो. शिवाय धंद्याच्या दृष्टीने बघा, चिखलातल्या विटा संध्याकाळी धुतल्या की पुढच्या भेटीला परत वापरता येतात. ऐंशी-शंभर विटांत तुमचा पूर्ण सीझन निघतो.

सुतार थांब्यावर करवत नको. आधीच कापलेल्या पट्ट्या, स्क्रू आणि हाताचा स्क्रू ड्रायव्हर द्या. चौकट जोडायची आणि दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे असतील तर चौकट काटकोनात. याच थांब्यावर दोरीने तीन-चार-पाचचा काटकोन जमिनीवर काढायला लावा. तीन फूट एका बाजूला, चार फूट दुसऱ्या बाजूला, दोन टोकांमधलं अंतर पाच फूट आलं की कोपरा बरोबर नव्वद अंशाचा. पायाची आखणी आपले मिस्त्री पिढ्यान्‌पिढ्या अशीच करतात. सातवीच्या गणितातला पायथागोरस इथे चुना-फक्कीने जमिनीवर उतरतो (फक्की मात्र मिस्त्रीनेच टाकायची), आणि गणिताच्या बाई तुमच्या सगळ्यात मोठ्या प्रचारक होतात.

प्लंबर थांब्यावर चिकटवायचं सोल्युशन वापरू नका, वास उग्र असतो. आट्यांचे जोड आणि टेफलॉन टेप पुरे. पाइप जोडा, बादलीतून पाणी सोडा, गळतंय का बघा. लेव्हल ट्यूबही इथेच दाखवा. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच राहते, मधे भिंत असली तरी. वायरमन थांबा पूर्णपणे बॅटरीवर: नऊ व्होल्टची बॅटरी, छोटा बल्ब, दोन स्विच आणि जिन्याचं कनेक्शन. २३० व्होल्टचा बोर्ड मुलांच्या जवळपासही नको.

साइट निवडताना

चालू काम जिथे जोरात आहे ती साइट नको. स्लॅब भरण्याचा दिवस, खोदकाम चालू असलेली जागा, परांची बांधलेली बाजू, उघडा लिफ्टचा खड्डा, उघडी पाण्याची टाकी, यातलं काहीही असेल तर नम्रपणे नाही म्हणायचं, बिल्डर कितीही मोठा असो. तुम्हाला हवीये तळमजल्याची किंवा पार्किंगची मोकळी, सपाट, सावलीची जागा आणि साप्ताहिक सुट्टीचा किंवा हलक्या कामाचा दिवस. आदल्या संध्याकाळी स्वतः फिरून शटरिंगच्या फळ्यांतले खिळे आणि बाहेर आलेल्या सळया बघा. सळयांच्या टोकांना टोप्या लावा. चप्पल घालून आलेल्या मुलाला आत घ्यायचं नाही. त्याला बाजूला बसवणं क्रूर वाटतं, म्हणून पाच-सहा जोडी जुने बूट वेगवेगळ्या मापांचे सोबत ठेवा.

पहिल्या दोन-तीन भेटी मी तर म्हणेन साइटवर करूच नका. चारही थांबे शाळेच्या मैदानात मांडा. कारागीर, विटा, पाइप सगळं टेम्पोतून शाळेत न्या. तुमची घडी बसते, शाळेचा विश्वास बसतो, आणि साइट भेट हा पुढचा टप्पा म्हणून विकता येतो.

कायद्याचंही स्पष्ट ठेवा. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला लावता येत नाही आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवता येत नाही. म्हणून मुलांनी रचलेली एकही वीट त्या इमारतीत जाता कामा नये. सगळं सरावाचं, सगळं नंतर उकलायचं. बिल्डर गमतीत म्हणतो, 'तेवढी कंपाउंडची भिंत पोरांकडून होऊन जाऊ दे की.' हसून विषय बदला, पण होऊ देऊ नका.

हिशेब

आता पैशाचं. खालचे दर मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गावातले दर घालून परत मांडा.

छत्तीस मुलांची बॅच, नऊ-नऊचे चार गट. सुरुवातीची सुरक्षा माहिती वीस मिनिटं. प्रत्येक थांब्यावर पंचवीस मिनिटं आणि बदलायला पाच, म्हणजे चार थांब्यांचे दोन तास. खाऊ वीस मिनिटं, साइटची फेरी वीस मिनिटं. एकूण तीन तास.

चार कारागिरांना हजेरी १,००० आणि शिकवण्याचं वेगळं मानधन २००, असे ४,८००. दोन मदतनीस ७०० प्रमाणे १,४००. चाळीस हेल्मेट १२० ला एक, म्हणजे ४,८००, ती वीस बॅच चालतील असं धरून एका बॅचला २४०. सामान प्रत्येकी ३० प्रमाणे १,०८०. खाऊ प्रत्येकी २५ प्रमाणे ९००. विमा ५००, ये-जा आणि फोन ५००. बेरीज झाली ९,४२०.

मुलामागे २५० घेतले तर जमा ९,०००. म्हणजे ४२० रुपये खिशातून गेले, आणि तुमची स्वतःची हजेरी अजून धरलेलीच नाही! इथेच बरेच जण 'धंद्यात दम नाही' म्हणून सोडतात किंवा कारागिराची हजेरी अर्ध्या दिवसाची करतात. हजेरी कापू नका. साइटवर तीन तास कामाला कोणी बोलावत नाही, त्याचा तो दिवस गेलेलाच असतो.

उत्तर दुसरीकडे आहे. त्याच दिवशी दुसरी बॅच घ्या. सकाळी साडेआठला एक, दुपारी दीडला दुसरी. हजेरी आणि मानधन तेवढंच ६,२००. हेल्मेट ४८०, सामान २,१६०, खाऊ १,८००, विमा १,०००, ये-जा ५००. खर्च १२,१४०. जमा बहात्तर मुलांचे १८,०००. हातात ५,८६०. दर तोच २५०, पण तोट्याचा दिवस नफ्याचा झाला. म्हणून एका शाळेच्या दोन तुकड्या किंवा जवळजवळच्या दोन शाळा एकाच दिवशी जोडणं, हे तुमचं खरं विक्रीचं काम आहे. मधल्या वेळेत कारागिरांना जेवण द्या, तो खर्च मी वर धरलेला नाही, तुम्ही धरा.

जिल्हा परिषदेच्या शाळेला अडीचशे परवडणार नाहीत. तिथे बिल्डर, सिमेंटचा डीलर, रोटरीसारखा क्लब यांच्याकडून बॅचचा खर्च मागा. पण एक अट घाला: पोरांच्या हातात फ्लॅटची माहितीपत्रकं द्यायची नाहीत. शाळेने एकदा हे पाहिलं की परत बोलावत नाही.

विम्याबद्दल एवढंच, विद्यार्थी आणि कारागीर दोघंही धरले जातील असा अपघात विमा एजंटकडून लेखी घ्या. तोंडी 'सगळं कव्हर आहे' चालणार नाही. सहलीसाठी शाळेला जी परवानगी लागते ती शाळेने काढायची, पालकांची संमतीपत्रं शाळेने गोळा करायची आणि दोन्हींची प्रत तुमच्या फाईलला लागल्याशिवाय बॅच सुरू करायची नाही. फोटोंची संमती वेगळी घ्या.

एक वाक्य, ज्याने सगळं बिघडतं

व्हिडिओत हे बोलायचं राहिलं, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

आपल्याकडे मुलाला अभ्यासाला बसवायचं असेल तर काय म्हणतात? 'शिकला नाहीस तर घमेलं उचलावं लागेल.' हे घराघरांत म्हटलं जातं. आता कल्पना करा, मुलं भिंत रचतायत, मिस्त्री वाकून दोरी धरून उभा आहे, आणि मागून एखादे सर मुलांना चिडवतात, 'बघा रे, अभ्यास नाही केला तर हेच करायचंय आयुष्यभर.' सर वाईट नसतात, सवयीने बोलतात. पण मिस्त्री ऐकतो. मुलं मिस्त्रीकडे बघतात. पुढची पंधरा मिनिटं त्या थांब्यावर काहीही शिकलं जात नाही. आणि त्या छत्तीस मुलांत दोन-चार जणांचा बाप गवंडीच असतो, हे सरांच्या लक्षात नसतं.

म्हणून शाळेला जे पत्र द्याल त्यात हे वाक्य जसंच्या तसं लिहा आणि 'कृपया असं बोलू नये' असं खाली लिहा. संकोच करू नका. भेटीच्या आधी शिक्षकांशी पाच मिनिटं बोला. मुलांनी कारागिराला 'ए मिस्त्री' नाही, 'काका' किंवा 'दादा' म्हणायचं हेही तेव्हाच सांगा. त्यांचं पूर्ण नाव थांब्यावर पाटीवर लिहून लावा. इंजिनिअरच्या नावाची पाटी असते ना, मग मिस्त्रीच्या का नको?

दुसऱ्या टोकाला जाऊन गोड चित्रही रंगवू नका. मुलं विचारतात, 'काका, तुम्हाला किती मिळतात?' हा प्रश्न येणारच, म्हणून कारागिराला आधीच विचारून ठेवा की तो सांगणार का. सांगायची तयारी असेल तर पूर्ण सांगू दे: रोजची हजेरी किती, पावसाळ्यात किती दिवस खाडा पडतो, गुडघे-कंबर कशी धरते, आणि हजेरीवरचा मिस्त्री स्वतः ठेका घ्यायला लागला की काय बदलतं. त्याची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी असेल तर तेही सांगू दे. नोंदणी नसेल आणि वर्षात नव्वद दिवस काम झालेलं असेल तर तुम्ही त्याची नोंदणी करायला मदत करा, ती मदत तो विसरत नाही आणि पुढच्या बॅचला फोन केला की येतो.

कारागिराला शिकवायला कसं शिकवायचं? भाषण पाठ करून घेऊ नका, तो घाबरतो. तीन गोष्टी सांगा. आधी करून दाखव, मग हातात दे, मग गप्प बस. तिसरी सगळ्यात अवघड आहे, कारण चांगल्या मिस्त्रीला वाकडी वीट बघवत नाही, तो हात घालतोच. एक कोरडा सराव तुमच्याच पोरांवर किंवा शेजारच्यांवर करा. मिस्त्री बिहारचा किंवा बंगालचा असेल तर हिंदीत बोलू दे. मुलांना समजतं, आणि तो कुठून आला, गावी कोण आहे, हे ऐकण्यातही एक धडा आहे.

मुलींना हातात थापी आधी द्या. साइटवर बाई दिसते ती बहुतेक डोक्यावर घमेलं घेतलेली, दोरी धरून भिंत रचणारी बाई क्वचित दिसते. मुलींचा गट मागे राहतो तो या चित्रामुळे. तुमच्या ओळखीत एखादी वायरमन किंवा रंगकाम करणारी ताई असेल तर तिला एक थांबा द्याच.

आणि साइटवर भेट देताना एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. तिथे राहणाऱ्या कामगारांची मुलं पत्र्याच्या खोल्यांच्या दारातून हे सगळं बघत असतात. शाळेची मुलं नवी हेल्मेट घालून विटा रचायचा खेळ करतायत आणि ज्यांचे आईबाप ती इमारत बांधतायत ती मुलं लांब उभी. हे चित्र मला बघवत नाही, तुम्हालाही बघवणार नाही. प्रत्येक बॅचमध्ये या मुलांसाठी चार जागा मोकळ्या ठेवा, त्यांचा सामान-खाऊचा खर्च सव्वादोनशेच्या आतच आहे. अशा मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात डोअर स्टेप स्कूलसारखी संस्था बरीच वर्षं काम करते आहे. तुमच्या शहरात अशी कोणी संस्था असेल तर आधी तिच्याशी बोला, ते मुलांना ओळखतात.

कधी सुरू करायचं

पावसाळ्यात साइट नको आणि फेब्रुवारीनंतर शाळांना परीक्षेशिवाय काही सुचत नाही. म्हणजे दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ तुमचा. त्यातही डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलनं आणि सहली असतात. त्यामुळे मुख्याध्यापकांना भेटायचं ते गणपतीनंतर, सहामाही परीक्षेच्या आधी. जाताना हातात एक पानाचं पत्र, चार थांब्यांचे फोटो, सुरक्षा नियमांचं एक पान आणि विम्याच्या कोटेशनची प्रत न्या. मैदानावरची पहिली बॅच एका तुकडीला फक्त खर्चाच्या दरात द्या, पण फुकट देऊ नका. आणि त्या दिवशी गणिताच्या बाईंना सुतारकामाच्या थांब्यावर उभं करा.